लग्नानंतर सुरू होणारी अद्भुतकथा

प्रेमकथा कुठे संपावी, याविषयी वाचकाच्या मनात एक ठाम अपेक्षा असते. नायक-नायिकेच्या वाटेतले अडथळे दूर झाले, गैरसमज फिटले आणि दोघांचे लग्न लागले, की पुस्तक मिटायला हरकत नाही, असे आपण मानतो. अद्भुतकथेचीही अशीच एक ठरलेली वाट असते. दुष्ट शक्तीचा नाश झाला, संकट टळले, की कथा पूर्ण होते. लोइस मॅकमास्टर बुजोल्ड या अमेरिकन लेखिकेची 'द शेअरिंग नाइफ' ही चार खंडांची कादंबरीमालिका या दोन्ही अपेक्षांना सुरुवातीलाच छेद देते. पहिल्या खंडाच्या प्रारंभीच्या प्रकरणांतच राक्षसाचा वध होतो आणि त्याच खंडाच्या अखेरीस नायक-नायिकेचे लग्नही लागते. पुढे तीन भरघोस खंड उरतातच. आता सांगण्यासारखे काय राहिले, असा प्रश्न वाचकाला पडावा, आणि त्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता त्याने चौथ्या खंडाच्या शेवटापर्यंत जावे, अशी ही रचना आहे.

या मालिकेविषयी वाचकांमध्ये दोन तट आहेत. काहींना ती संथ आणि घरगुती वाटते. काहींना तीच तिची थोरवी वाटते. प्रस्तुत लेखक दुसऱ्या तटातला आहे. परंतु केवळ आवडनिवड सांगण्यापेक्षा ही मालिका नेमके काय करू पाहते, ते कोणत्या साधनांनी करते आणि कुठे कमी पडते, हे समजून घेणे अधिक उपयोगाचे ठरेल.

प्रथम या साहित्यप्रकाराविषयी थोडेसे. अद्भुत आणि शृंगार यांची सांगड मराठी वाचकाला मुळीच नवी नाही. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची १८६१ सालची 'मुक्तामाला' किंवा नारो सदाशिव रिसबूड यांची १८६८ सालची 'मंजुघोषा' या मराठीतल्या अगदी आरंभीच्या कादंबऱ्या अद्भुतरम्यच होत्या. पुढे वास्तववादी कादंबरी प्रतिष्ठित झाली आणि हा प्रवाह मागे पडला. इंग्रजीत मात्र तो गेल्या काही वर्षांत दुथडी भरून वाहतो आहे. सारा जे. मास यांची २०१५ पासून प्रसिद्ध होऊ लागलेली 'अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस' ही मालिका आणि रेबेका यारोस यांची २०२३ सालची 'फोर्थ विंग' ही कादंबरी यांच्या यशानंतर या प्रकाराला 'रोमँटसी' असे सुटसुटीत नावही मिळाले. 'द शेअरिंग नाइफ' त्याआधीची आहे. 'बिगाइलमेंट' हा पहिला खंड २००६ साली, 'लेगसी' २००७ साली, 'पॅसेज' २००८ साली आणि 'होरायझन' हा चौथा खंड २००९ साली प्रसिद्ध झाला. पुढे दहा वर्षांनी, २०१९ साली, 'नाइफ चिल्ड्रन' ही त्याच जगात घडणारी एक लघुकादंबरी आली.

बुजोल्ड यांचा जन्म १९४९ साली ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरी झाला. अंतराळात घडणाऱ्या 'व्होरकोसिगन' मालिकेमुळे त्या प्रसिद्ध झाल्या. विज्ञानकथा आणि अद्भुतकथेच्या क्षेत्रात मानाचा समजला जाणारा ह्यूगो पुरस्कार सर्वोत्कृष्ट कादंबरीसाठी त्यांना चार वेळा मिळाला आहे. तेव्हा 'द शेअरिंग नाइफ' हे नवशिक्या लेखणीचे काम नाही. सिद्धहस्त लेखिकेने जाणीवपूर्वक केलेला तो एक प्रयोग आहे.

आता या जगाची घडण पाहू. यात राजवाडे नाहीत, सिंहासने नाहीत, गादीचे वारस नाहीत. विस्तीर्ण जंगले, मोठाल्या नद्या, नव्याने वसणारी खेडी, काचेच्या भट्ट्यांचे गाव, मालवाहू गाड्या आणि तराफ्यासारख्या सपाट बुडाच्या नावा असे हे जग आहे. फार प्राचीन काळी इथे सामर्थ्यवान मांत्रिक राज्यकर्ते होऊन गेले. त्यांच्या अविचारातून जे अरिष्ट उद्भवले, त्याचे अवशेष आजही जमिनीत दडून आहेत. त्यांतून केव्हाही, कुठेही एक जीव बाहेर पडतो. त्याचे नाव मॅलिस. हा जीव भोवतालच्या सजीवांचे सत्त्व शोषून वाढतो. कादंबरीत या सत्त्वाला 'ग्राउंड' असा शब्द आहे. झाड असो, पशू असो वा माणूस असो, प्रत्येकाच्या अंतरी असलेले आणि त्याला तो जे आहे ते बनवणारे तत्त्व म्हणजे ग्राउंड. मॅलिस ज्याला गिळतो त्याचे कौशल्यही आत्मसात करतो. म्हणून जितका काळ तो मोकळा राहील तितका तो अधिक हुशार होत जातो. तो जिथून जातो तिथे राखाडी, निर्जीव भूमी उरते.

या संकटाशी लढण्याचे व्रत घेतलेला समाज म्हणजे लेकवॉकर. सरोवरांच्या काठी त्यांचे तळ असतात, शेती ते करत नाहीत आणि त्यांची पथके पिढ्यान्‌पिढ्या रानावनात गस्त घालतात. ग्राउंड जाणण्याची शक्ती त्यांना जन्मतः असते. बाकीचे सारे लोक, मग ते शेतकरी असोत, कारागीर असोत वा नावाडी असोत, लेकवॉकरांच्या भाषेत सरसकट 'फार्मर' ठरतात. ही शक्ती फार्मरांना नसते आणि मॅलिस त्यांच्या मनाचा ताबा सहज घेऊ शकतो.

मॅलिसला मारायचे कसे, या प्रश्नाच्या उत्तरात मालिकेचे नाव दडलेले आहे. मॅलिस अमर आहे; मरण काय असते ते त्याला ठाऊकच नाही. म्हणून त्याला कोणीतरी आपले मरण द्यावे लागते. लेकवॉकर मृत्यूनंतर आपली हाडे दान करतात आणि त्यांतून सुरे घडवले जातात. पण नुसता सुरा पुरेसा नसतो. जखमी होऊन मृत्युपंथाला लागलेला किंवा वार्धक्याने थकलेला दुसरा एखादा लेकवॉकर तो सुरा स्वतःच्या हृदयात खुपसून घेतो आणि आपले मरण त्यात साठवून ठेवतो. असा भारलेला सुरा मॅलिसच्या देहात गेला, की ते साठवलेले मरण त्याला मिळते आणि तो नष्ट होतो. म्हणजे एका मॅलिसच्या वधामागे दोन माणसांचे दान असते. एकाचे अस्थिदान आणि दुसऱ्याचे मृत्युदान. अद्भुतकथांत जादूची शस्त्रे उदंड असतात. त्यांची किंमत इतक्या रोखठोकपणे मांडणारे शस्त्र माझ्या वाचनात क्वचितच आले आहे.

नायिका फॉन ब्लूफील्ड ही अठरा वर्षांची शेतकऱ्याची मुलगी. गावातल्या एका तरुणापासून तिला दिवस गेले आहेत, तो हात झटकून मोकळा झाला आहे आणि घरच्यांना काही कळण्याआधी ती एकटीच शहराच्या वाटेला लागली आहे. नायक डॅग रेडविंग हिकरी हा गस्तीवरचा लेकवॉकर, वय पंचावन्न. लेकवॉकर दीर्घायुषी असल्यामुळे तो तसा दिसत नाही, पण आयुष्याने त्याला पुरते थकवले आहे. एका भीषण लढाईत त्याची पहिली पत्नी गेली आणि त्याचा डावा हातही गेला. त्या हाताच्या जागी तो आकडा बसवतो. आपल्या पत्नीच्या हाडाचा, अद्याप न भारलेला सुरा तो वर्षानुवर्षे जवळ बाळगून आहे. स्वतःचे मरण त्यात साठवावे, एवढीच त्याची उरलेली इच्छा आहे.

मॅलिसच्या तावडीत सापडलेल्या फॉनला सोडवताना डॅग आपले दोन्ही सुरे तिच्याकडे फेकतो. ती गोंधळून आधी चुकीचा, न भारलेला सुरा खुपसते आणि मग दुसरा. मॅलिस मरतो, परंतु त्याआधी त्याने तिच्या पोटातल्या गर्भाचे सत्त्व हिरावून घेतलेले असते, आणि ते त्या पहिल्या सुऱ्यात उतरते. असे पूर्वी कधी घडलेले नाही. त्या विचित्र सुऱ्याचे कोडे सोडवण्याच्या निमित्ताने दोघे एकत्र प्रवासाला लागतात.

इथे लेखिकेचे वेगळेपण ठळकपणे दिसते. राक्षस मेल्यावर कथा झटकन पुढच्या साहसाकडे वळत नाही. फॉनचा गर्भपात, तिचा रक्तस्राव, उजाड पडलेल्या शेतघरात डॅगने केलेली तिची शुश्रूषा, तिची लाज, तिचे दुःख आणि हळूहळू परतणारी भूक या सगळ्याला पुस्तकात रीतसर जागा दिली आहे. अद्भुतकथेत जखमा होतात आणि पुढच्या प्रकरणात भरून येतात, हा संकेत बुजोल्ड मानत नाहीत. प्रेमही याच संथ काळात उमलते. डॅगला जगण्यात पुन्हा रस वाटू लागतो, आणि घरात सर्वांत धाकटी म्हणून जिच्या बुद्धीची थट्टाच झाली त्या फॉनला आपले प्रश्न गंभीरपणे ऐकून घेणारा पहिला माणूस भेटतो. या प्रेमाचे मूळ सौंदर्यात किंवा सामर्थ्यात नाही, ते लक्षपूर्वक ऐकण्यात आहे, आणि म्हणून ते पटते.

दोघांचे लग्न फॉनच्या घरी, दोन्ही समाजांच्या रीतींनी लागते. लेकवॉकरांच्या रीतीत वधू आणि वर आपापल्या हाताने एकेक दोरी विणतात आणि त्यात आपल्या ग्राउंडचा अंश गुंफतात. जोडीदार जिवंत आहे की नाही, हे त्या दोरीवरून दुसऱ्याला जाणवते. फॉन फार्मर असल्यामुळे तिला हे जमणार नाही, असेच कोणीही म्हणेल. ती आपले रक्त दोरीत मिसळून ते जमवते. तिच्या पाठीशी उभी राहते ती तिची अंध आत्या नॅटी. हे प्रकरण मालिकेतल्या उत्तम भागांपैकी एक आहे.

पण 'आणि ते सुखाने नांदू लागले' हे वाक्य बुजोल्ड लिहीत नाहीत. आपल्याकडे जातीबाहेरचे लग्न ज्यांनी जवळून पाहिले आहे, त्यांना याचे कारण सांगायला नको. लग्न दोघांचे असते. त्याची मान्यता मात्र इतरांच्या हाती असते. दुसऱ्या खंडात डॅग फॉनला घेऊन आपल्या तळावर, हिकरी लेकला येतो. तिथे त्याची आई आणि सुरे घडवणारा त्याचा थोरला भाऊ या लग्नाला लग्न मानायलाच तयार नसतात. दोरी फॉनने विणलीच नसणार, डॅगनेच लबाडीने दोन्ही विणल्या असणार, इथपासून त्याने या पोरीला भुरळ घातली आहे, इथपर्यंत आरोप होतात. प्रकरण तळाच्या पंचांपुढे जाते. या विरोधकांना लेखिकेने खलपुरुष केलेले नाही, हे मला फार महत्त्वाचे वाटते. त्यांची भीती खरी आहे. लेकवॉकरांची संख्या थोडी आहे. ग्राउंड जाणण्याची शक्ती वंशपरंपरेने उतरते. ती क्षीण झाली तर गस्त कोण घालणार आणि मॅलिसला कोण रोखणार? त्यांचा वंशाभिमान तिरस्करणीय आहे, पण त्याच्या मुळाशी कर्तव्यबुद्धी आहे. अशा माणसांशी वाद घालणे दुष्टांशी लढण्यापेक्षा कितीतरी अवघड असते.

त्याच सुमारास एका दूरच्या प्रदेशात, ग्रीनस्प्रिंग नावाच्या शेतकरी गावापाशी मॅलिस प्रकटतो आणि गाव उद्ध्वस्त करतो. कोवळे सत्त्व मॅलिसला अधिक प्रिय, म्हणून सर्वांत आधी मुले बळी पडतात. डॅग त्या मोहिमेवर जातो, मॅलिस मारलाही जातो. परंतु मेलेल्या मॅलिसच्या मायाजालात डॅग आणि त्याचे काही साथीदार अडकून पडतात. त्यांना सोडवते ती फॉन, त्या विचित्र सुऱ्याचा उपयोग करून. ग्राउंडची जाण नसलेली मुलगी केवळ विचार करून असा उलगडा करते, जो जाणकारांना सुचलेला नसतो.

तथापि या खंडाचे खरे केंद्र युद्धात नाही, त्यानंतरच्या दफनात आहे. मुलांना पुरणारे गावकरी पाहताना डॅगच्या मनात एक प्रश्न घर करतो. हे संकट ओळखायचे कसे, हे या लोकांना कधी कोणी सांगितलेच नव्हते. लेकवॉकर फार्मरांसाठी शतकानुशतके प्राण देत आले, पण आपण काय करतो, कसे करतो, हे त्यांनी फार्मरांना कळू दिले नाही. फार्मरांना दिसते ते एवढेच, की हे उंच, अबोल लोक माणसांच्या हाडांचे सुरे बाळगतात. त्यावरून ते यांना नरभक्षक आणि चेटके समजतात. लेकवॉकर हा अपमान गिळतात आणि मनातून फार्मरांना अडाणी समजतात. एका बाजूचे मौन आणि दुसऱ्या बाजूची अफवा यांच्यामध्ये गावे मरतात. रक्षणकर्त्याने ज्ञान आपल्यापाशीच ठेवले तर त्याच्या त्यागाची थोरवी कमी होत नाही, पण तो त्याग अपुरा पडतो, ही जाणीव डॅगला पंचांच्या निवाड्यापेक्षा मोठी वाटते. स्वकीयांच्या निकालावर अवलंबून न राहता तो फॉनसह तळ सोडून बाहेर पडतो.

इथे बुजोल्ड यांच्या एका प्रतिपादनाची आठवण होते. २००८ साली अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरी भरलेल्या जागतिक विज्ञानकथा संमेलनात सन्माननीय पाहुण्या म्हणून बोलताना त्यांनी असा विचार मांडला होता, की प्रेमकादंबरी ही प्रेमाविषयीची कल्पनापूर्ती असते, रहस्यकथा न्यायाविषयीची, तर विज्ञानकथा आणि अद्भुतकथा या बहुतांशी राजकीय कर्तृत्वाविषयीच्या कल्पनापूर्ती असतात. ही विभागणी ध्यानात घेतली, की या मालिकेवरचे दोन्ही बाजूंचे आक्षेप उलगडतात. अद्भुतकथेचा वाचक जगाचे भवितव्य ठरण्याची वाट पाहत असतो. दोन माणसांचे स्वयंपाक, शिवण आणि सासरमाहेर त्याला रेंगाळणे वाटते. प्रेमकथेचा वाचक लग्नानंतर तृप्त होतो. नंतरचे समाजकारण त्याला आगंतुक वाटते. बुजोल्ड यांनी हे दोन्ही करार एकाच पुस्तकात केले, आणि जगाचे भवितव्य या घरसंसारातच ठरते आहे असे दाखवले.

तिसरा खंड नदीचा आहे. डॅग, फॉन आणि फॉनचा भाऊ व्हिट हे ग्रेस नदीतून समुद्राकडे निघालेल्या एका नावेवर चढतात. बेरी नावाची तरुणी या नावेची मालकीण. बेपत्ता झालेले वडील, भाऊ आणि वाग्दत्त वर यांच्या शोधात ती निघाली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी ओहायो आणि मिसिसिपी या नद्यांवर सपाट बुडाच्या नावांची जी वाहतूक चाले, तिचे प्रतिबिंब इथे स्पष्ट आहे. ही ओहायोत वाढलेल्या लेखिकेची ओळखीची भूमी आहे, आणि म्हणून हा खंड चारही खंडांत सर्वांत चैतन्यपूर्ण उतरला आहे.

याच खंडात माझ्या मते मालिकेची किल्ली सापडते. लेकवॉकर आपल्या ग्राउंडच्या साहाय्याने जखमा बऱ्या करू शकतात. फार्मरांवर मात्र हे उपचार करायचे नाहीत, असा त्यांचा दंडक आहे. कारण बरा झालेला फार्मर बरे करणाऱ्याच्या मोहिनीत सापडतो, त्याच्यामागे खुळ्यासारखा फिरू लागतो. पहिल्या खंडाचे शीर्षक याच मोहिनीवरून आले आहे, आणि डॅगवर घरच्यांनी केलेला आरोपही हाच होता. हॉड नावाच्या एका गरीब, दुर्लक्षित पोराचा गुडघा डॅग बरा करतो आणि हॉड तसाच मोहित होतो. त्याचे काय करावे, या विवंचनेत डॅगला उमगते, की दोष उपचारात नाही. उपचार घेणाऱ्याचे सत्त्वही काहीतरी परत देऊ पाहत असते आणि लेकवॉकर ते नकळत नाकारतो, स्वतःला मिटून घेतो. त्या अडलेल्या परतफेडीतून मोहिनी निर्माण होते. डॅग हॉडकडून अंशभर स्वीकारतो आणि मोहिनी विरते.

ही कल्पना मला विलक्षण वाटली. देणाऱ्याने घेण्याचे नाकारले, की त्याच्या दानातून दास्य जन्माला येते. घेतले, तर नाते बरोबरीचे होते. लेकवॉकरांचा संपूर्ण समाज प्राण देण्यात थोर आहे आणि घेण्याच्या बाबतीत दरिद्री आहे. फॉन आणि डॅग यांच्या संसारात हीच देवघेव पहिल्यापासून चालू असते. म्हणून त्यांच्या प्रेमाला मोहिनी म्हणणे चूक ठरते. एका घरातले हे सत्य दोन समाजांमध्ये कसे न्यायचे, याचा शोध म्हणजे उरलेली कथा. अद्भुतकथेतल्या जादूचे नियम बहुधा लढाईच्या सोयीने आखलेले असतात. इथे ते नीतीच्या प्रश्नातून आलेले आहेत, आणि त्या नियमाचा उलगडा होतो तेव्हा प्रेमकथा आणि समाजकथा यांच्यातला सांधा दिसेनासा होतो.

चौथ्या खंडात डॅग दक्षिणेकडच्या एका तळावर अर्काडी वॉटरबर्च या निष्णात वैद्याकडे शिकतो. धनुर्वाताने तडफडणाऱ्या एका फार्मर मुलावर उपचार केल्यावरून तिथेही वाद पेटतो आणि पुन्हा उत्तरेचा रस्ता धरावा लागतो. या प्रवासात डॅग फार्मरांच्या मनाचे मॅलिसपासून रक्षण करणारे एक कवच शोधून काढतो. युगायुगांच्या मॅलिसचा प्रश्न यातून मिटत नाही. पण अखेरच्या लढ्यात फार्मर मंडळी निव्वळ बळी किंवा प्रेक्षक राहत नाहीत. शेवटी जगात क्रांती होत नाही. दोन्ही प्रकारची माणसे ज्याचा दरवाजा ठोठावू शकतील असे एक घर उभे राहते, इतकेच. दोन समाजांमधला बदल एका जोडप्याच्या हयातीत याहून पुढे जातो असे दाखवले असते, तर ते खोटे वाटले असते.

मालिकेत उणिवा नाहीत असे नव्हे. पहिला आणि सर्वांत गंभीर आक्षेप वयाचा. अठरा आणि पंचावन्न हे अंतर दीर्घायुष्याच्या सबबीने पुरते झाकले जात नाही. फॉनची बुद्धी आणि डॅगचा संकोच यांच्या आधारे लेखिका तोल सांभाळते, फॉनचे सारे कुटुंब या अंतराकडे संशयाने पाहते हेही ती लपवत नाही. तरीही काही वाचकांना हे नाते शेवटपर्यंत रुचणार नाही, आणि त्यांना चूक म्हणता येणार नाही. दुसरा आक्षेप गतीचा. पहिले दोन खंड मुळात एकच कथा म्हणून लिहिले गेले आणि लांबीमुळे विभागले गेले. परिणामी पहिल्या खंडाचा उत्तरार्ध एकट्याने वाचल्यास अधांतरी वाटतो. चौथ्या खंडात तर पात्रांची गर्दी होते आणि प्रवासाचे वर्णन लांबते. तिसरा आक्षेप अधिक खोल आहे. अमेरिकेच्या भूमीवर बेतलेल्या या जगात नवी खेडी वसत जातात, परंतु ज्यांना हुसकावून ती प्रत्यक्ष अमेरिकेत वसली, त्या मूळ रहिवाशांच्या इतिहासाची वेदना इथे उमटत नाही. भूमी माणसांनी नव्हे, मॅलिसने ओसाड केली, अशी सोय लेखिकेने करून घेतली आहे. कल्पित जगाला ती मुभा असते हे मान्य करूनही ही पोकळी जाणवते.

तरीही आजच्या लोकप्रिय रोमँटसीशी तुलना केली, की या मालिकेचे मोल अधिक स्पष्ट होते. त्या कादंबऱ्यांचा वेग, उत्कंठा आणि उत्कट शृंगार यांना आपले स्थान आहेच. त्यांनी लक्षावधी तरुणांना जाडजूड पुस्तके वाचायला लावली, हे थोडके नव्हे. पण त्यांचा नायक अनेकदा असामान्य सत्ताधीश असतो आणि नायिकेतही अखेर एखादी असामान्य शक्ती प्रकट होते. फॉनला अशी शक्ती कधीच मिळत नाही. चौथ्या खंडाच्या शेवटीही ती फार्मरच असते. ती प्रश्न विचारते, निरीक्षण करते, चुलीपाशी आणि वहीपाशी सारख्याच सहजतेने बसते, आणि केवळ एवढ्याच भांडवलावर मोठमोठ्या जाणत्यांना निरुत्तर करते. सामान्य माणसाच्या बुद्धीवरचा हा विश्वास या प्रकारच्या साहित्यात दुर्मीळ आहे.

ज्यांना ही मालिका वाचावीशी वाटेल त्यांनी पहिले दोन खंड सलग वाचावेत, म्हणजे कथेचा तोल नीट लक्षात येतो. तिसऱ्या खंडापर्यंत धीर धरावा. नदी सुरू झाली की वाचकाला ती आपणच पुढे नेते. २०१९ सालची 'नाइफ चिल्ड्रन' मात्र सर्वांत शेवटी ठेवावी. लेकवॉकर पिता आणि फार्मर माता यांच्या पोटी जन्मलेल्या एका मुलीची ती कथा आहे, आणि डॅग-फॉन यांनी सुरू केलेल्या कामाची पुढच्या पिढीत गरज कशी पडते, हे त्यातून कळते.

मरण वाटून घेणारा समाज या मालिकेच्या आरंभी आपल्याला भेटतो. चौथा खंड मिटताना ध्यानात येते, की त्या समाजाला मरण वाटून घेणे साधले होते. शेजाऱ्याबरोबर जगणे वाटून घ्यायला मात्र तो अजून शिकतो आहे. ते शिक्षण लग्नाच्या मांडवात संपत नाही, तिथे सुरू होते. प्रेमकथा आणि अद्भुतकथा या दोहोंनाही सहसा जे सांगायला सवड होत नाही, ते सांगण्यासाठी बुजोल्ड यांनी उरलेले तीन खंड खर्ची घातले, याचा वाचक म्हणून मला आनंद वाटतो.